सातबारा नसलेली गाडी घेऊ नका

रानातली नोंद. 9 ऑक्टोबर 2025, गुरुवार. पाचगणी.

सकाळी सातपर्यंत धुकं, नंतर स्वच्छ ऊन. वरच्या पट्टीत स्ट्रॉबेरीची लागण उरकली. खालच्या पट्टीत गादीवाफे ओढून मल्चिंग पेपर अंथरलाय, भोकं पाडायची राहिलीत. यंदा पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच उतरला, तेव्हापासून खालच्या अंगाला म्हणावा तसा वाफसाच आला नाही. त्यामुळं काम आठवडाभर मागं आहे.

पण आजची नोंद पिकाची नाही, गाडीची आहे. कारण या आठवड्यात तीन घरांतून एकच प्रश्न आला. तिसरं घर माझंच. पुतण्या काल जेवताना म्हणाला, "आप्पा, डर्ट बाईक घिऊ का ड्युअल-स्पोर्ट? शिकायला कुठली बरी?"

22 सप्टेंबरपासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. दिवाळी दहा-बारा दिवसांवर आहे. त्यामुळं वाडीवाडीत पोरं बुकिंगला निघालीत. मागच्या हंगामाचे चार पैसे काही घरांत शिल्लक आहेत. अशा वेळी चुकीची गाडी दारात आली तर ती पुढची चार वर्षं दारातच राहते. म्हणून जे बोलायचं ते आत्ताच बोलतो, आणि स्पष्ट बोलतो.

डोंगरातल्या नवशिक्या पोरानं डर्ट बाईक घेऊ नये. ड्युअल-स्पोर्ट घ्यावी, नाहीतर आहे ती गाडी चालवावी. यात मधला रस्ता नाही.

ज्यांना हे शब्द नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डर्ट बाईक म्हणजे फक्त मातीसाठी बनवलेली गाडी. तिला इंडिकेटर नाही, आरसा नाही, हॉर्न नाही, बहुतेक गाड्यांना हेडलाइटही नाही. अंगानं हलकी, उंचीला मोठी, बटण टायरची. ड्युअल-स्पोर्ट म्हणजे तशीच उंच, पुढं 21 इंची चाक, लांब दांडीचे शॉकअॅब्सॉर्बर, पण नंबरप्लेट असलेली आणि डांबरावर कायद्यानं चालणारी. आपल्याकडं 2011 साली हिरोनं इम्पल्स आणली, ती काळाच्या आधी आली आणि बंद पडली. मग 2019 ला एक्सपल्स 200 आली, यंदा एक्सपल्स 210 आली. कावासाकीची केएलएक्स 230 पण आता मिळते. या झाल्या ड्युअल-स्पोर्ट.

आता मजा बघा. त्याच कावासाकीची केएलएक्स 230 आर एस नावाची गाडी आहे. नाव जवळपास तेच, जात तीच, पण ती डर्ट बाईक आहे. पहिलीला साताऱ्याच्या आरटीओत एमएच 11 चा नंबर मिळतो, दुसरीला मिळत नाही. फरक दोन अक्षरांचा दिसतो. पण आपल्या भाषेत बोलायचं तर एका जमिनीला सातबारा आहे आणि दुसरीला नाही.

मी विचारतो, सातबारा नसलेली जमीन तुम्ही घ्याल का? माती कितीही काळीभोर असू दे, विहिरीला कितीही पाणी असू दे, विकणारा कितीही गोड बोलू दे. आधी उतारा बघणार, मगच इसार देणार. मग गाडी घेताना आपली अक्कल कुठं जाते?

ट्रॅक्टरला जशी बुदनीची टेस्ट असते, तशी रस्त्यावर येणाऱ्या गाडीच्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेची तपासणी पास करावी लागते. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, सगळं बघतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 126 वा नियम तेच सांगतो. डर्ट बाईक त्या तपासणीसाठी बनवलेलीच नसते. म्हणून तिची नोंदणी होत नाही. "एजंटला सांगून नंबर काढून देतो" म्हणणारा भेटला तर समजा की तो दुसऱ्याच्या गाडीचा नंबर तुमच्या गळ्यात बांधतोय.

नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 192 खाली पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड. दुसऱ्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, वर्षभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा नसल्याचा दंड वेगळा. आणि चालवणारा अठराच्या आतला असेल तर 2019 च्या दुरुस्तीनं आलेलं कलम 199 अ बघा. पालकाला किंवा गाडीमालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. पोरगा गाडी उडवतोय याचा व्हिडिओ काढून बाप अभिमानानं टाकतो, तो व्हिडिओ बापाविरुद्धचा पुरावा आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

"आप्पा, पण आम्ही रानातच चालवणार. रस्त्यावर नेणारच नाही. मग कागद कशाला?"

हा मुद्दा प्रत्येक जण काढतो, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. स्वतःच्या मालकीच्या, कुंपण घातलेल्या रानात चालवायला कोणी अडवत नाही. पण तुमचं रान केवढं? खिंगर, राजपुरी, आंब्रळ, भोसे, कुठंही जा. आपली जमीन एका चकत्यात नाही. वीस गुंठे इथं, पंधरा गुंठे ओढ्यापलीकडं, वडिलोपार्जित एक पट्टी डोंगराच्या पोटात. एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत जायचं तर पाणंद लागते नाहीतर डांबर लागतं. आणि पाणंद ही सार्वजनिक वाट आहे. तिथून सगळ्यांचं जाणं-येणं असतं म्हणून तर 2021 पासून मातोश्री पाणंद योजनेत सरकारी पैशानं रस्ते होतायत. वीस गुंठ्यांत वाफे, ठिबकच्या नळ्या आणि मल्चिंग पेपर सोडून गाडी फिरवायला जागा उरते किती? गोठ्यापुढच्या अंगणाएवढी. त्या अंगणासाठी दोन-अडीच लाखांची गाडी घेणार का?

म्हणजे गाडी पाणंदीला येणारच. मागच्या वर्षी आमच्याकडं तेच झालं. शेजारच्या वाडीतल्या एका पोरानं सेकंडहँड डर्ट बाईक आणली. नंबर नाही, दिवा नाही, हॉर्न नाही. पोरगा वाईट नाही, कष्टाळू आहे. संध्याकाळी रानातून घरी येत होता. पाणंदीच्या वळणावर गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एक म्हातारी होती. भाऱ्यामुळं तिला बाजूचं दिसेना आणि याच्याकडं वाजवायला हॉर्न नव्हता. म्हातारीचा हात आणि खुबा मोडला. खुब्याचं ऑपरेशन साताऱ्यात झालं. थर्ड पार्टी विमा असता तर भरपाईचा भार विमा कंपनीवर गेला असता. इथं विमाच नव्हता, आणि नोंदणी नसल्यामुळं तो काढताही आला नसता. पोराच्या बापानं दोन दुभत्या म्हशी विकल्या. म्हातारी अजून काठी घेऊन चालते. भारा आता तिची सून आणते. दोन्ही घरं एकमेकांच्या बांधाला बांध लावून आहेत, आणि बोलत नाहीत.

डर्ट बाईकची किंमत शोरूममध्ये सांगतात ती नसते. खरी किंमत ही असते.

आणि भरपाईचं बोलतोय तर आणखी एक ऐका, कारण हे शेतकऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाला लागू नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातला एक जण, वय 10 ते 75. अपघाती मृत्यू झाला तर 2 लाख, एक डोळा किंवा एक अवयव कायमचा निकामी झाला तर 1 लाख. शेतकरी स्वतः गाडी चालवत असेल तर त्याचं वैध लायसन्स कागदांत जोडावं लागतं. आणि मोटार शर्यतीतला अपघात योजनेतून चक्क वगळलेला आहे. नोंदणी झालेल्या गाडीच्या विम्यात मालक-चालकाला 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण मिळतं, तेही लायसन्स असेल तरच. बिनकागदाच्या गाडीवर ते 15 लाख नाहीतच, आणि योजनेच्या पैशासाठी तुमच्या मागं घरच्यांनी काय काय शाबीत करत बसायचं याचा विचार करा. आपण पिकाचा विमा उतरवतो, जनावराचा उतरवतो. ज्याच्या जिवावर हे सगळं उभं आहे त्यालाच उघडं ठेवायचं?

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. ते सगळंच खोटं आहे असं मी म्हणत नाही.

पहिलं म्हणणं असं, की डर्ट बाईक हलकी असते, म्हणून शिकायला सोपी. हलकी असते हे खरंय. स्पर्धेची 250 सीसी गाडी शंभर-एकशेदहा किलोच्या घरात बसते. ड्युअल-स्पोर्ट 140 ते 170 किलो. पडली तर हलकी गाडी उचलणं सोपं, यात वाद नाही. पण वजन हा एकच आकडा नसतो. त्या गाडीची सीट जमिनीपासून जवळपास 95 सेंटिमीटर. एक्सपल्स 200 ची साधारण 82, केएलएक्सची 88. आपल्याकडचा साडेपाच फुटी पोरगा 95 सेंटिमीटरच्या सीटवर बसला की त्याचे फक्त अंगठे टेकतात. तेही सपाटीला. उतारावर गाडी थांबली की डोंगराकडचा पाय टेकतो आणि दरीकडचा अधांतरी राहतो. आणि तोल कुठल्या बाजूला जातो? दरीकडंच जातो. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात पडलं तर वाळूत पडतात. आपल्याकडं पडलं तर खालच्या बांधावर जांभ्याच्या दगडात पडतात.

शिवाय त्या स्पर्धेच्या इंजिनाची ताकद चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर असते. नुसता आकडा धरला तर आपल्या वाडीतल्या मिनी ट्रॅक्टरच्या दुप्पट. ट्रॅक्टरची ओढ वेगळी, हे मला कळतं. पण गाडीची ती ताकद वरच्या आरपीएमला एकदम येते, आणि नवशिक्याचा हात नेमका तिथंच आखडतो. घाबरला की माणूस मूठ सोडत नाही, आवळतो. एक्सपल्स 200 चे एकोणीसच्या आसपास हॉर्सपॉवर त्या चुकीला माफ करतात. चाळीस करत नाहीत. छोट्या, साध्या इंजिनाच्या डर्ट बाईकही मिळतात, त्या इतक्या अंगावर येत नाहीत हे मान्य. पण कागदाचा प्रश्न त्यांनाही तोच आहे.

दुसरं म्हणणं, डर्ट बाईकवर हात बसला की कुठलीही गाडी चालवता येते. हेही खरंय, पण अर्धंच. हात रोज चालवून बसतो. रविवारी अर्धा तास अंगणात गोल फिरून बसत नाही. जी गाडी सकाळी दूध घालायला जाते, दहाला औषध आणायला वाईला जाते, दुपारी पाणी सोडायला ओढ्यापलीकडं जाते, संध्याकाळी पोराला क्लासवरून आणते, तिच्यावर हात बसतो. पसरणी घाटातल्या पावसातल्या वळणांवर, दांडेघरच्या उताराला, चिखलाच्या पाणंदीत. एका दिवसात तीन प्रकारची जमीन चाकाखाली येते. नवशिक्याला याच्याहून चांगली शाळा कुठं मिळणार? डर्ट बाईकला त्या शाळेच्या फाटकातच अडवतात.

तिसरं म्हणणं, ड्युअल-स्पोर्ट म्हणजे धड ना डांबराची, धड ना मातीची. बरोबर. मोकळ्या हायवेला ती स्पोर्ट्स बाईकसारखी पळत नाही आणि उड्यांच्या ट्रॅकवर डर्ट बाईकला गाठत नाही. पण आपलं आयुष्यच धड डांबराचं नाही आणि धड मातीचं नाही, त्याला काय करणार? खिल्लार शर्यतीला चांगला आणि म्हैस दुधाला चांगली, म्हणून कोणी खिल्लाराची धार काढायला बसत नाही. आधी काम काय आहे ते बघायचं, मग जनावर निवडायचं.

चौथं म्हणणं ज्येष्ठांचं. "स्प्लेंडर हाय की. राजदूतवर आमी दुधाचे कॅन व्हाईले, एम-80 वर खताची पोती आनली. ही उंट कशाला?" तात्या-नानांचा मान ठेवून सांगतो, यातलं निम्मं मला पटतं. पोराला फक्त दूध-औषध-बाजार एवढंच करायचं असेल तर टीव्हीएस एक्सएलसारखी गुणी गाडी नाही. मी स्वतः अजून ठेवलीय. पण ज्याची एक पट्टी डोंगराच्या पोटात आहे, ज्याला पावसाळ्यात ओढा ओलांडून जावं लागतं, त्यानं कमी क्लिअरन्सच्या गाडीचं चेंबर दगडावर किती वेळा फोडून घ्यायचं? एक्सपल्ससारख्या गाडीला जमिनीपासून 22 सेंटिमीटर मोकळी जागा आहे. शॉकअॅब्सॉर्बरची चाल लांब असल्यामुळं मागं बांधलेला मालही कमी आपटतो. स्ट्रॉबेरी वाहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. एका खड्ड्यात खालच्या थरातलं फळ दबतं, आणि वाशीला पोचेपर्यंत पाणी सुटतं. म्हणजे ही गाडी हौस आहेच, पण काम करणारी हौस आहे.

पाचवं म्हणणं कोणी तोंडानं बोलत नाही, पण खरं कारण तेच असतं. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून पिकअपमध्ये डर्ट बाईक घालून पोरं येतात, छातीला चिलखत, डोळ्याला गॉगल, गुडघ्यापर्यंत बूट. ते बघून आपल्या पोराच्या पोटात कालवतं. त्याला मी हसत नाही. वयच तसं असतं. पण त्याला एवढंच दाखवतो, की ती गाडी स्वतःच्या चाकानं आलेली नाही, दुसऱ्या गाडीत बसून आली आहे. त्यांच्याकडं पिकअप आहे, मेकॅनिक आहे, आणि सोमवारी जायला दुसरी गाडी आहे. तुझ्याकडं ही एकच असणार आहे.

इंटरनेटवरचे सल्लेही तसेच. "नवशिक्यानं आधी डर्ट बाईक घ्यावी" हे अमेरिकेतला माणूस अमेरिकेतल्या माणसाला सांगतोय. त्याच्या घरी पिकअप आहे, आणि तिथं कित्येक ठिकाणी सरकारी जमिनीवर गाड्यांसाठी आखून दिलेल्या वाटा आहेत. कोकणातलं भाताचं वेळापत्रक माण-खटावच्या ज्वारीला लावाल का? मग हा सल्ला पाचगणीला कसा लावता? आणि परदेशातला शेतकरी तरी डर्ट बाईक वापरतो का? ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांसाठी यामाहानं एजी 200 नावाची गाडी केली. पुढं-मागं भक्कम कॅरियर, चेन पूर्ण झाकलेली, दोन्ही बाजूंना स्टँड, म्हणजे उताराला कुठल्याही अंगानं उभी राहावी. याला म्हणतात शेतकऱ्याची गाडी. आपल्याकडं अशी कोणी करत नाही, हे खरं दुखणं आहे. कंपनीवाले वाचत असतील तर ऐकावं.

देखभालीचं कृषी सहायक मंडळींना पटकन कळेल. स्पर्धेच्या डर्ट बाईकचा हिशोब किलोमीटरवर नसतो, तासांवर असतो, ट्रॅक्टरच्या अवरमीटरसारखा. पण ट्रॅक्टरचं ऑइल शेकड्यांत मोजलेल्या तासांनी बदलतो, इथं ते मोजक्या तासांनी बदलावं लागतं. एअर फिल्टर जवळपास प्रत्येक वेळी धुवायचा, पिस्टन काही दहा तासांनी बघायचा. लाल मातीच्या धुळीत तर त्याहून लवकर. आणि भाग हवा असेल तर वाईच्या दुकानात मिळणार नाही. लागणीच्या दिवसांत गाडी महिनाभर पार्टची वाट बघत उभी राहिली तर तिला वैरण कोण घालणार?

कर्जाचंही तसंच. गाडीचं कर्ज देणारा आरसीवर बोजा चढवतो, जसा सोसायटीचा बोजा सातबाऱ्यावर चढतो. आरसीच नसेल तर बोजा कशावर चढवणार? मग पोरगं सोनं गहाण ठेवतं, नाहीतर हातउसने घेतं. पीककर्जाचे पैसे गाडीत घातलेली घरं मी बघितलीत. मार्चमध्ये त्या घरातली शांतता ऐकवत नाही.

आता मातीचं. हे लिहिल्याशिवाय या पानावरची नोंद पुरी होत नाही.

आपल्याकडं बांध उताराला आडवा असतो. गाडीचा टायर उताराला उभा जातो. बटण टायर जागच्या जागी फिरला की गवताची मुळं उपटून निघतात, खाली नाळ पडते. त्या नाळीला पहिला वळीव लागला की पाणी तीच वाट धरतं आणि दोन पावसाळ्यांत ओघळ तयार होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, आपल्याकडं त्याच्या निम्म्याहून कमी. पण लाल माती आणि असा उतार असला की तेवढाही माती न्यायला पुरेसा आहे. बापानं दहा वर्षं ताल घालून धरलेली माती पोराच्या दहा रविवारांत धोमच्या पाण्याकडं निघते.

आणि टेबललँडसारखे सडे? वर जांभ्याचा कातळ, त्यावर बोटभर माती. पावसाळ्यात त्यावर जी बारीक फुलं येतात ती दुसरीकडं लावून येत नाहीत. कासच्या पठाराला 2012 साली जागतिक वारशात जागा मिळाली ती अशाच बोटभर मातीच्या जिवावर. महाबळेश्वर-पाचगणीचा सगळा पट्टा जानेवारी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. सड्यावर आणि राखीव जंगलात कुठलीच गाडी घालू नये, ड्युअल-स्पोर्टही नाही. पण फरक असा आहे की ड्युअल-स्पोर्टला दिवसभर दुसरं काम असतं. डर्ट बाईकला दुसरं कामच नाही. ती दारात उभी असली की पोराचे डोळे सड्याकडंच जाणार.

मग डर्ट बाईक कोणी घ्यावी? ज्याला खरंच शर्यत करायची आहे त्यानं. 28 जानेवारी 2024 ला पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. हा खेळ आता आपल्या दाराशी आलाय, आणि डोंगरातल्या पोराच्या अंगात त्यासाठी लागणारी ताकद आणि तोल जन्मतःच असतो. त्यानं जरूर जावं. पण ट्रॅकवर, शिकवणाऱ्याच्या हाताखाली, पूर्ण संरक्षण घालून. सी. एस. संतोष हा 2015 साली डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय. एवढा तयार माणूस 2021 ला सौदीच्या वाळवंटात पडला आणि डॉक्टरांना त्याला कोमात ठेवावं लागलं. त्याला हेलिकॉप्टरनं दवाखान्यात नेलं म्हणून तो वाचला. आपल्या ओढ्यात पडल्यावर हेलिकॉप्टर येत नाही. चार माणसं आणि एक घोंगडी येते, तीही कोणी ओरडलेलं ऐकलं तर.

ज्यांना ड्युअल-स्पोर्ट घ्यायची आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. एक, शोरूमच्या फरशीवर बसून ठरवू नका. उतारावर बसून बघा, दोन्ही पायांचे पंजे टेकले पाहिजेत. दोन, गाडी आडवी पाडून एकट्यानं उचलून बघा. उचलत नसेल तर ती तुमची नाही. म्हणूनच पावणेदोनशे-दोनशे किलोच्या हिमालयन, एन्ड्युरोसारख्या गाड्या नवशिक्यासाठी नाहीत. चांगल्या आहेत, पण दुसरी गाडी म्हणून. शिवाय 350 सीसीच्या वर जीएसटी 40 टक्के झालाय. तीन, बटण टायरचा नाद करू नका. कंपनीचा दोन्हीकडं चालणारा टायर दोन पावसाळे वापरा, मग ठरवा. बटण टायर ओल्या डांबरावर घाटात दगा देतो. चार, गाडीच्या पैशातनं आधी हेल्मेट, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आणि गुडघ्याची ढाल बाजूला काढा. ते काढून जे उरेल त्यात गाडी बसवा. उलटं कधीच करू नका.

आईबापांना एकच सांगतो. "काही नको" म्हणून विषय तोडू नका. तोडलात तर पोरगं कुठून तरी सेकंडहँड, बिननंबरची उचलून आणतं, आणि ती गोठ्यामागं ताडपत्रीखाली सापडते. सोबत बसा, कागद बघा, आणि ज्या गाडीवर तुम्ही स्वतः मागं बसून दवाखान्यात जाऊ शकाल ती घ्या. डर्ट बाईकला मागं बसायला सीटच नसते. डोंगरातल्या घरात एकच गाडी असेल तर तिच्यावर दुसऱ्या माणसाला जागा पाहिजे. रात्री दोनला कोणाला कळ आली तर त्या जागेची किंमत कळते.

ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी जरूर लिहावं. फक्त लिहिताना आपल्या गाडीचा नंबर सांगावा.

उद्याचं काम : खालच्या पट्टीत भोकं पाडणे, ड्रिप तपासणे, दुपारनंतर लागण. रोपं आणायला पुतण्या सकाळी वाईला जाणार आहे. दिवाळीचं काय ते अजून त्यानं मला सांगितलेलं नाही. उद्या तरी एक्सएलवरच जाईल.